थ्रीडी फुकट, पूल महाग : व्हिलासाठी पूल आणि लँडस्केप डिझायनर नेमताना



‘सेवा विकत कशी घ्यायची’ हा व्हिडिओ टाकल्यावर एका उद्योजकाचा मेसेज आला. त्यांचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. मुळशीच्या बाजूला वीस गुंठ्यांत त्यांनी बंगला बांधलाय. आता मागच्या मोकळ्या जागेत पूल, बसायला डेक, लॉन, झाडं, लाइटिंग असं सगळं करायचंय. घरच्यांसाठी तर आहेच, पण शनिवार-रविवार व्हिला भाड्याने द्यायचा विचारही आहे. दोन पूलवाल्यांकडून कोटेशन घेतलं. एकाचं आलं ११ लाख ४० हजार, दुसऱ्याचं १९ लाख. दोघांनीही थ्रीडी डिझाइन फुकट दिलं. प्रश्न एवढाच होता की सर, कोणाला देऊ?

मी म्हटलं, अजून कोणालाच नाही. आणि त्यांना उलटा प्रश्न विचारला. तुमच्याकडे कोणी मोबाइलवर गेटचा फोटो घेऊन आलं आणि म्हणालं, “असं गेट पाहिजे, किती होतील?” तर तुम्ही रेट सांगता का? सांगत नाही. आधी मापं घेता, सेक्शन कुठला, गेज किती, पावडर कोटिंग की साधा ऑइल पेंट, सरकतं की उघडतं, हे सगळं विचारता. फोटोवरून रेट सांगणारा एकतर वाटेल ते लावून जाईल नाहीतर नंतर ‘एक्स्ट्रा’ काढेल, हे तुम्हाला तुमच्या धंद्यातून माहीत आहे. मग पुलाच्या बाबतीत थ्रीडी चित्रावरून आलेले दोन आकडे तुम्ही शेजारी ठेवून कसे बघताय?

हा लेख त्या उत्तराचा विस्तार आहे. लोणावळा, कर्जत, अलिबाग, नाशिक, पानशेत इकडे ज्यांनी जागा घेतलीय आणि पूल-लँडस्केपवर मोठी रक्कम लावणार आहेत, त्यांच्यासाठी. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : डिझाइन वेगळं विकत घ्या, त्याचे वेगळे पैसे द्या, आणि ज्याला बांधकामातून कमाई होणार आहे त्याच्याकडून ते फुकट घेऊ नका.

फुकट डिझाइनचे पैसे कोण देतं?

तुम्हीच देता. फक्त ते बिलात दिसत नाहीत.

पूल कॉन्ट्रॅक्टर वाईट माणूस असतो असं मी अजिबात म्हणत नाही. चांगले पूलवाले आहेत, त्यांना पंप, फिल्टर, पाइपिंग यातलं जे कळतं ते बऱ्याच आर्किटेक्टनाही कळत नाही. पण त्याचा धंदा काय आहे ते बघा. तो पूल विकतो. मग तुमच्या जागेला पूल कुठे बसावा, किती मोठा असावा, मुळात इन्फिनिटी एज हवी का, या प्रश्नांवर त्याचं उत्तर त्याच्या विक्रीच्या बाजूनेच झुकणार. नर्सरीवाला फुकट गार्डन डिझाइन करून देतो तेव्हा त्यात रोपांची संख्या जास्त आणि ती दाटीवाटीने का लावलेली असतात? पहिल्या दिवशी बाग भरलेली दिसते आणि बिलही भरतं. तीन वर्षांनी त्यातली निम्मी झाडं काढावी लागतात.

आणि थ्रीडीत काय नसतं, ते नीट समजून घ्या. थ्रीडीत निळं पाणी असतं, आरामखुर्ची असते, संध्याकाळचा उजेड असतो. त्यात सळई किती एमएमची आणि किती अंतरावर, वॉटरप्रूफिंग कुठल्या पद्धतीचं, पंपरूम कुठे, पाण्याची मुख्य लाइन कुठून येणार, बॅकवॉशचं पाणी कुठे जाणार, केबल कुठल्या पाइपातून, यातलं काहीच नसतं. ११ लाख ४० हजार आणि १९ लाख यांच्यातला फरक नेमका या न दिसणाऱ्या गोष्टींत असतो. त्या मित्राला मी दोन्ही कोटेशन नीट वाचायला सांगितली. स्वस्त कोटेशनमध्ये खोदकामाचा दर फक्त मुरमाचा होता, पंपरूमचं बांधकाम ‘ग्राहकाकडून’ होतं, डेक नव्हता, आणि जीएसटी ‘वेगळा’ होता. सह्याद्रीच्या पट्ट्यात तीन-चार फुटांवर काळा पाषाण लागणं ही नवलाची गोष्ट नाही. पाषाण लागला की ब्रेकर येतो आणि ब्रेकर आला की दर बदलतो. तेव्हा अर्धा खड्डा झालेला असतो, तुम्ही कुठे जाणार?

म्हणून पहिला खर्च सांगतो, तोही किरकोळ. डिझायनर नेमायच्या आधी किंवा नेमल्या नेमल्या, अर्ध्या दिवसासाठी जेसीबी बोलवा आणि जिथे पूल येऊ शकतो अशा दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन बघा. काळी माती किती, मुरूम कुठे लागतो, पाषाण कुठे. फोटो काढा, टेप लावून मापं लिहा. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. तिच्यावर पूल किंवा फरशी थेट टेकवली तर तडे जाणारच. ती काढून मुरूम भरून दाबावा लागतो. हा खर्च चित्रात कधीच नसतो.

डिझायनर म्हणजे नक्की कोण?

इथे बराच गोंधळ आहे. ‘आर्किटेक्ट’ हा शब्द आपल्याकडे कायद्याने राखलेला आहे. आर्किटेक्ट्स अॅक्ट १९७२ प्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच तो शब्द लावता येतो. नोंदणी आहे की नाही ते कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतं. पण ‘डिझायनर’ हा शब्द कोणीही लावू शकतो. सुप्रीम कोर्टानेही २०२० मध्ये हे स्पष्ट केलं की कायदा पदवीच्या वापरावर बंदी घालतो, नोंदणी नसलेल्याने डिझाइनचं काम करण्यावर नाही. म्हणजे ‘लँडस्केप डिझायनर’ अशी पाटी लावणारा पदव्युत्तर शिक्षण घेतलेला असेल किंवा कालपर्यंत कुंड्या विकणारा असेल, दोन्ही शक्य आहे. कुंड्या विकणाऱ्याला झाडांचं ज्ञान जास्त असू शकतं, ते नाकारायचं कारण नाही, पण पुलाच्या भिंतीवर जमिनीचा दाब किती येतो ते त्याच्याकडून अपेक्षित धरू नका.

लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे आर्किटेक्चर करून पुढे बाहेरच्या जागेच्या रचनेचं शिक्षण घेतलेला माणूस. जमिनीचे उतार, पाण्याचा निचरा, फरसबंदी, झाडं, लाइट हा त्याचा विषय. पुण्यात भानुबेन नानावटी कॉलेजमध्ये हा अभ्यासक्रम आहे, अहमदाबादच्या सेप्टमध्ये आहे, दिल्लीच्या एसपीएमध्ये आहे. त्यांची इसोला नावाची राष्ट्रीय संघटनाही आहे. तुमच्या कामाला माझ्या मते टीम अशी हवी : प्रमुख म्हणून लँडस्केप आर्किटेक्ट, त्याच्या हाताशी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि पुलाच्या पाइपिंग-पंपाचं डिझाइन करणारा सल्लागार. तिघांना वेगवेगळं शोधायची गरज नाही. चांगल्या आर्किटेक्टकडे बाकीचे दोघे ठरलेले असतात. फक्त त्यांची फी त्याच्या फीमध्ये धरलीय की वेगळी, हे पहिल्याच भेटीत विचारा.

भेटीच्या आधी तुमचा गृहपाठ

आपण मशीन घेताना रोज किती नग काढायचे ते आधी ठरवतो. इथेही तेच. डिझायनरला “छान काहीतरी करा” असं सांगितलंत तर तो छानच करेल, आणि बजेट तुमचं जाईल. एका पानावर लिहून काढा : घरचे किती, पाहुणे जास्तीत जास्त किती, लहान मुलं किती येणार, वर्षातले किती दिवस भाड्याने देणार, माळी-केअरटेकर कायम राहणार का, आणि पाणी कुठून येणार.

पाण्यावर जरा थांबू या, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

पुलाचं पाणी काढायचं गणित सोपं आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला १००० ने गुणायचं, की लिटर आले. समजा ८ बाय ४ मीटरचा पूल, १.२ मीटर खोल. म्हणजे ३८,४०० लिटर. दहा हजारी टँकर धरला तर चार टँकर. लोक इथे घाबरतात. पण हे पाणी एकदाच भरायचं असतं. नीट फिल्टर चालवला तर ते वर्षानुवर्षं तेच राहतं, वरून फक्त घट भरायची. मे महिन्यात रोज ८ मिलिमीटर वाफ होते असं धरलं तर ३२ चौरस मीटरच्या पुलातून दिवसाला २५६ लिटर, महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास. बॅकवॉशचं थोडं वेगळं. म्हणजे महिन्याला साधारण एक टँकर.

आता लॉनकडे बघा. दोन हजार चौरस फूट लॉन म्हणजे १८६ चौरस मीटर. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ५ लिटर धरलं तरी ९३० लिटर रोज. महिन्याला जवळपास २८ हजार लिटर. तीन टँकर! पुलाला सगळे ‘पाण्याची उधळपट्टी’ म्हणतात आणि त्याच्या शेजारच्या हिरव्यागार लॉनला कोणी काही बोलत नाही. पाण्याचा प्रश्न असलेल्या गावात हा आकडा डिझायनरसमोर ठेवा आणि बघा तो काय म्हणतो. चांगला असेल तर तो लॉन अर्ध्यावर आणेल, उरलेल्या जागी दगडी फरशी, खडी आणि कमी पाण्याची झाडं सुचवेल. स्वतःहून लॉन कमी करायला सांगणारा डिझायनर मला आवडतो, कारण तो तुमच्या महिन्याच्या खर्चाचा विचार करतोय.

विजेचंही असंच. १ एचपीचा पंप रोज आठ तास चालला की दिवसाला साधारण ६ युनिट, महिन्याला १८०. मीटर घरगुती आहे की व्यावसायिक, त्यावर बिल ठरेल. भाड्याने देणार असाल तर पाणी, वीज, केमिकल आणि माणूस हे सगळं मिळून एका मुक्कामामागे किती पडतं ते आधी काढा. मग पूल किती मोठा हवा हा निर्णय आपोआप जमिनीवर येतो.

मुलाखतीत काय विचारायचं

पोर्टफोलिओ सगळ्यांचाच सुंदर असतो. फोटो संध्याकाळी काढलेले, पूल नुकताच भरलेला. त्यावर फार वेळ घालवू नका. त्यापेक्षा तुमच्या जागेवर उभं राहून प्रश्न विचारा. हो, जागेवरच. ऑफिसात बसून पहिली चर्चा करणाऱ्याला मी तरी नेमणार नाही.

पहिला प्रश्न : “पावसाळ्यात रिकामा पूल वर उचलला जाऊ नये म्हणून तुम्ही काय करता?” या एका प्रश्नावर समोरच्याचं पाणी कळतं. बऱ्याच लोकांना हे ऐकून हसू येतं, पूल कसा उचलला जाईल? गणित करा. पुलाच्या तळापेक्षा बाहेरचं भूजल एक मीटर वर आलं, तर तळाच्या दर चौरस मीटरला एक टन उचल लागते. ८ बाय ४ च्या पुलाला ३२ टन. आठ इंची भिंती आणि तळ धरला तर त्या पुलाच्या कॉंक्रीटचं वजन ३० टनांच्या आसपास भरतं. म्हणजे आत पाणी नसेल तर तो पूल होडीसारखा तरंगायला बघतो. तळाला तडे जातात, पाइप तुटतात, टाइल्स सुटतात. लोणावळा-मुळशीच्या घाटमाथ्याच्या पावसात भूजल एवढं वर येणं अवघड नाही. डिझायनरने पुलाखालून पाणी काढून देणारी खडीची आणि छिद्राच्या पाइपाची व्यवस्था, दाब सोडणारा व्हॉल्व्ह आणि पावसाळ्यात पूल रिकामा करू नका ही सूचना, यावर बोललं पाहिजे. “सर, तसं काही होत नाही” असं उत्तर आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या.

दुसरा : इन्फिनिटी एज की साधा स्किमर पूल, आणि का? काठावरून पाणी वाहून जाणाऱ्या पुलाला ते पाणी साठवायला वेगळी बॅलन्सिंग टँक लागते, पाइपिंग वाढतं, बाष्पीभवनही वाढतं. समोर दरी किंवा धरणाचं पाणी दिसत असेल तर त्याला अर्थ आहे. समोर शेजाऱ्याच्या कंपाउंडची भिंत असेल तर तुम्ही भिंत बघण्यासाठी ज्यादा पैसे देताय. स्किमर पुलात स्किमर कुठे बसवणार तेही विचारा. वारा ज्या दिशेने पानं ढकलत नेतो त्या टोकाला ते हवेत. कोकणात समुद्राकडून येणारा वारा धरून साधारण पूर्वेच्या काठाला. डिझायनरने हे विचारण्याआधीच वाऱ्याची दिशा विचारली असेल तर त्याला मनातल्या मनात दोन मार्क जास्त द्या.

झाडांचा प्रश्न साधा ठेवा : “पुलापासून पंधरा फुटांच्या आत काय लावणार?” वड, पिंपळ, उंबर यांची मुळं भिंती फोडतात. जांभूळ फरशीवर जांभळे डाग पाडतं, आणि बकुळ-गुलमोहोराची फुलं-पानं रोज जाळीने काढत बसावी लागतात. नारळ फोटोत फार छान दिसतो, पण झावळी आणि नारळ कोणाच्या डोक्यावर पडेल ते सांगता येत नाही. भाड्याच्या व्हिलात तर नकोच. सोनचाफा, अनंत, कामिनी यांना कोणाची हरकत नसावी, तेही थोडं अंतर ठेवून.

पायाखालची फरशी हा अजून एक दुर्लक्षित विषय. काळा कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट दुपारी दोन वाजता अनवाणी पायाला चटके देतो, आणि पॉलिश केलेला कुठलाही दगड ओला झाला की घसरतो. फिकट रंगाचा, फ्लेम किंवा लेदर फिनिशचा दगड मागा. नमुना आणून त्यावर पाणी ओता आणि साबण लावून स्वतः उभे राहा. डेकचा उतार पुलाकडे नको, बाहेरच्या बाजूला हवा, नाहीतर पहिल्या पावसात बागेची माती पुलात.

सुरक्षेवर तडजोड नाही

तुम्ही व्हिला भाड्याने देणार. येणारे लोक तुम्हाला ओळखत नाहीत, त्यांची मुलं पुलाला सरावलेली नाहीत, मोठी माणसं रात्री पार्टीच्या मूडमध्ये असतात. म्हणून डिझायनर कितीही म्हणाला की कुंपणाने दृश्य बिघडतं, तरी चारही बाजूंनी साधारण चार फुटांचा अडथळा आणि आपोआप बंद होणारं, लहान मुलाचा हात न पोहोचणारी कडी असलेलं दार घालाच. काचेचं करा, झुडपांत लपवलेल्या जाळीचं करा, कसं सुंदर करायचं हे त्याचं काम आहे, त्यासाठीच त्याला पैसे देतोय. खोली सगळीकडे चार फूट ठेवली तर बरं. सहा फुटांच्या टोकाचा भाड्याच्या व्हिलात काही उपयोग नाही, उलट रोजची धास्ती.

तळातल्या ड्रेनबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रेम बेकर २००२ मध्ये हॉट टबच्या ड्रेनच्या ओढीत अडकून गेली. त्यानंतर तिच्या नावाने २००७ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला. एकाच ड्रेनवर पंपाची सगळी ओढ असेल आणि ते झाकलं गेलं, तर मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. उपाय महाग नाही. एकमेकांपासून लांब दोन ड्रेन, एकाच लाइनला जोडलेले, आणि वर फुगीर, न अडकवणारी जाळी. ड्रॉइंगमध्ये दोन ड्रेन दिसले पाहिजेत. पाण्यातले लाइट १२ व्होल्टचे, पुलाच्या सगळ्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग. हे इलेक्ट्रिशियनच्या भरवशावर सोडू नका, ड्रॉइंगवर लिहून घ्या.

फी आणि करार

फी तीन पद्धतींनी सांगितली जाते : प्रोजेक्टच्या खर्चाची टक्केवारी, चौरस फुटाचा दर, किंवा ठोक रक्कम. टक्केवारी ही प्रचलित पद्धत आहे आणि मोठ्या कामाला ती ठीकही आहे. पण एका बंगल्याच्या मागच्या अंगणासाठी मी ठोक रक्कमच सुचवेन. कारण साधं आहे. टक्केवारीत दगड महाग झाला की त्याची फी वाढते. तो तसं मुद्दाम करेल असं नाही, पण आपण व्यवहार असा ठेवावा की त्याला स्वस्त आणि टिकाऊ सुचवताना स्वतःच्या खिशाचा विचारच करावा लागू नये.

त्याच कारणासाठी करारात एक वाक्य घाला की दुकानदार, कॉन्ट्रॅक्टर, नर्सरी यांच्याकडून कुठलंही कमिशन घेतलं जाणार नाही, आणि डिस्काउंट मिळाला तर तो मालकाचा. हे समोरासमोर, हसत हसत, पण आधीच बोला. या धंद्यात ‘कट’ असतो हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याला ती अट मान्य आहे तो कदाचित फी थोडी जास्त सांगेल. द्या. ती तुम्हाला दिसणारी रक्कम आहे.

फीच्या बदल्यात तुमच्या हातात काय येणार, ते करारात नावासकट हवं : जागेचा लेव्हल सर्व्हे, लेआउट, पुलाचं स्ट्रक्चरल ड्रॉइंग, पाइपिंग आणि पंपरूमचं ड्रॉइंग, इलेक्ट्रिकल, निचऱ्याचं ड्रॉइंग, झाडांचा नकाशा रोपांच्या आकारासकट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बीओक्यू, परिमाणांची यादी. बीओक्यू हातात आलं की तेच कागद तीन कॉन्ट्रॅक्टरना द्यायचे. खोदकाम मुरमात किती रुपये आणि पाषाणात किती, दोन्ही दर आधीच भरून घ्यायचे. आता तीन आकडे शेजारी ठेवा. आता ती खरी तुलना.

पैसे द्यायचे टप्पे मी असे ठेवेन : कन्सेप्ट मंजूर होईपर्यंत ३० टक्के, सगळी वर्किंग ड्रॉइंग आणि बीओक्यू हातात आल्यावर ३५, काम चालू असताना साइट व्हिजिटप्रमाणे विभागून २५, आणि शेवटचे १० एक पावसाळा गेल्यावर. शेवटच्या अटीवर बरेच जण कुरकुर करतील. घासाघीस करा, पाच टक्क्यांवर या, पण काहीतरी राखून ठेवा. व्हिजिट किती, हेही लिहा. नुसतं ‘गरजेप्रमाणे’ चालणार नाही. सळई बांधून झाल्यावर कॉंक्रीटच्या आधी एक, पाइपिंगच्या प्रेशर टेस्टला एक, आणि टाइल्सच्या आधी पाणी भरून ठेवण्याच्या चाचणीला एक, या तीन तर हव्याच. ती चाचणी किमान सात दिवसांची. पुलाच्या पायरीवर पाण्याची बादली ठेवा, दोन्हीकडच्या पातळीवर खूण करा. वाफेने दोन्ही सारखंच उतरेल. पुलातलं जास्त उतरलं तर गळती आहे, आणि ती टाइल लावण्याआधी सापडलीय.

जीएसटीबद्दल एक वाक्य. डिझायनरच्या फीवर आणि बांधकामावर १८ टक्के लागतो, आणि स्वतःच्या स्थावर मालमत्तेच्या बांधकामावरचं इनपुट क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. “बिझनेसमध्ये टाकू, क्रेडिट घेऊ” असं कोणी सांगितलं तर आधी तुमच्या सीएंशी बोला. कोटेशनचे आकडे नेहमी करासकट लिहून तुलना करा.

परवानगीचं काम कोण करणार तेही करारात हवं. जमीन एनए आहे का, ग्रामपंचायत की पीएमआरडीए, समुद्राजवळ असाल तर सीआरझेड. महाबळेश्वर-पाचगणीचा भाग २००१ पासून आणि माथेरानचा २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. तिथे खोदकाम, झाडतोड, बोअर यावर निर्बंध येतात. खड्डा खणून झाल्यावर नोटीस येण्यापेक्षा आधी कागद बघितलेले बरे.

कधी सुरू करायचं

बहुतेक लोक मार्चमध्ये जागे होतात, कारण मे महिन्यात पाहुणे हवे असतात. त्या घाईतच फुकट थ्रीडीवाला काम घेऊन जातो. डिझायनरला जुलैमध्ये जागेवर बोलवा, भर पावसात. पाणी कुठून उतरतं, कुठे साठतं, शेजारच्या शेतातलं पाणी तुमच्यात येतं का, हे तेव्हाच दिसतं. सप्टेंबरपर्यंत ड्रॉइंग आणि बीओक्यू, ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर खोदकाम, आणि मार्चपर्यंत पूल चालू. मोठी झाडं पुढच्या जूनमध्ये लावा, उन्हाळ्यात लावून टँकरने जगवण्यात शहाणपण नाही.

आणि नेमायच्या आधी त्या डिझायनरची निदान दोन जुनी कामं बघून या, तीन वर्षं झालेली. नवीन नको. मालकाला फोन डिझायनरसमोर लावू नका, नंतर निवांत लावा. तिथे गेल्यावर पूल कसा दिसतो ते नंतर बघा, आधी पंपरूमचं दार उघडायला सांगा. आत उभं राहता येतं का, व्हॉल्व्हवर नावं लिहिलीत का, जमिनीवर पाणी साठलंय का, ते बघा. मग केअरटेकरला बाजूला घेऊन विचारा की रोज पुलाला किती वेळ लागतो आणि सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. मालक तुम्हाला खर्च सांगेल, केअरटेकर डिझाइन सांगेल.

मुळशीच्या आपल्या मित्राने सध्या दोन्ही कोटेशन बाजूला ठेवलीत आणि पुढच्या आठवड्यात जेसीबी सांगितलाय. खड्ड्यांचे फोटो त्यांनी पाठवले आणि त्यांची हरकत नसेल, तर पाषाणातल्या खोदकामाचे दर कसे ठरवायचे यावर एक छोटा व्हिडिओ करू.